कोणचा कायदा?

'कायद्यानं राहा.' गोदीत मुकादम म्हणतो, चाळीत घरमालक म्हणतो, चौकीत हवालदार म्हणतो, गावी गेलं की पाटील म्हणतो. शब्द एकच. पण मुकादमाचा कायदा म्हणजे त्याची मर्जी. हवालदाराचा कायदा म्हणजे वरनं आलेला फोन. आणि पाटलाचा कायदा म्हणजे बापजाद्यांपासून आमच्या पाठीवर चालत आलेली काठी.

दोस्तहो, या एका शब्दाच्या पोटात दोन वैरी बसलेत. एक कागदाचा कायदा, दुसरा रूढीचा. आपण भरवसा ठेवतो पहिल्यावर आणि मार खातो दुसऱ्याचा.

महाडची गोष्ट आपण दरसाल सांगतो, पण अर्धीच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला : सार्वजनिक पैशावरचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ला महाडच्या नगरपालिकेनं तसा ठराव केला. कागद तयार. पाणी मात्र होतं तिथंच. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा कुठं त्या कागदात जीव आला. लगेच आमची डोकी फुटली, तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' झालं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, आणि डिसेंबरात सवर्णांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला.

आता उरलेली अर्धी गोष्ट. त्यांचा दावा काय होता? अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही पूर्वापार वहिवाट आहे. आणि इंग्रजाच्या कोर्टात पुरेशी जुनी वहिवाट म्हणजे कायदाच. खटला नऊ वर्षांहून जास्त रखडला. १७ मार्च १९३७ला हायकोर्टात आपण जिंकलो. का जिंकलो? आपण माणसं आहोत म्हणून नव्हे. ती वहिवाट स्मरणापलीकडची जुनी आहे, हे त्यांना शाबीत करता आलं नाही म्हणून! पुरावा पुरला असता तर आपली तहानसुद्धा बेकायदेशीर ठरली असती. जुलूम जितका जुना, तितका पक्का.

त्या खटल्यातले प्रतिवादी पुढं घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेचं कलम १३ वाचा. तिथं 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाटही घातलीय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चरकलो. रूढीला कायद्याच्या पंगतीत पाट? मग उमगलं. आरोपीला पिंजऱ्यात उभं केल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. रूढीला कायदा म्हटलं ते एवढ्यासाठी, की ती मूलभूत हक्काच्या आड आली तर तिला रद्द ठरवता यावं. आणि कलम १७नं अस्पृश्यताच गाडली.

पण गाडलेलं मढं चौकीत उठून बसतं. ॲट्रॉसिटीची तक्रार घेऊन जा. 'गावात राहायचंय ना? मग समजुतीनं मिटवा.' ही समजूत म्हणजे तीच जुनी वहिवाट, फक्त खाकी घातलेली. २०१८ साली, नेमक्या २० मार्चला, सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याला अटी लावल्या : गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी. २ एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर आली. काही परत घरी गेली नाहीत. ऑगस्टात संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १९२७ला ओंजळ, २०१८ला रस्ता. कागदाला अर्थ देतो ते आपण.

म्हणून वकिलाची वाट बघत बसू नका. कलम १३ आणि १७ पाठ करा. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ तर खिशात ठेवा : अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या सरकारी अंमलदारानं जाणूनबुजून तक्रार नोंदवली नाही, तर तोही गुन्हेगार. आणि पुन्हा कुणी 'कायद्यानं राहा' म्हणाला की मान खाली घालू नका. डोळ्याला डोळा भिडवून विचारा : कोणचा कायदा? तुझ्या बापजाद्यांचा, की घटनेचा? आणि जे काय सांगायचं ते लेखी दे.

जय भीम.