वऱ्हाडच्या खऱ्या वारसदार

अखेरचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेहवार यांचा विवाह १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे निजामाच्या थोरल्या पुत्राशी झाला. १९३६ च्या करारान्वये निजामाचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला आणि त्या वऱ्हाडच्या युवराज्ञी ठरल्या. वस्तुतः वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. राज्य नाही, रयतेशी संबंध नाही. तरी केवळ वंशावळीच्या बळावर महागावची काळी माती त्यांच्या बिरुदात सामावली!

२००६ च्या फेब्रुवारीत त्या लंडनमध्ये निवर्तल्या. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राला ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. बादशाही घराण्याच्या पिढ्या मोजणाऱ्यांनी त्या शेतकऱ्यांच्या विधवांची वंशावळ कधी मांडली आहे काय? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क मिळाला. प्रत्यक्षात मात्र आजही कित्येक लेकींकडून भावांसाठी हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते आणि विधवेला सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात.

जी कपाशी निंदते, वेचते, तीच वऱ्हाडची वारसदार होय. किताबांच्या वंशावळी खुशाल इतिहासात राहोत. तिचे नाव आधी सातबाऱ्यावर चढले पाहिजे!