चावी तुमची, परवानगी कुणाची?

घरातल्या गाडीची दुसरी चावी कुठे आहे, असं आत्ता विचारलं तर सांगता येईल? कुणाकडे ती आईच्या कपाटात असते, कुणाकडे बिलांच्या ड्रॉवरमध्ये. काही घरांत ती कधीच हरवलेली असते आणि ‘एक आहे ना, बास की’ यावर सगळं चालू असतं. ती एकही हरवली, की मग कळतं. गाडीचे हप्ते आपण भरतो, पण ती चालू करायची परवानगी भलत्याच्याच हातात आहे.

जुन्या पद्मिनीचं गणित सोपं होतं. नाक्यावरच्या चावीवाल्याने कानस फिरवली की चावी तयार. आजच्या बहुतेक गाड्यांत अशी चावी दार उघडून देईल, पण इंजिन काही चालू होणार नाही. कारण चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते, ट्रान्सपॉन्डर. तिला बॅटरी लागत नाही. चावी लावली की इग्निशनभोवतीची कॉइल तिला ऊर्जा देते, चिप आपली ओळख सांगते आणि ती पटली तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू होऊ देतो. हाच इमोबिलायझर. रिमोटचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी चालू होते, ती यामुळेच.

मग ‘की प्रोग्रॅमिंग’ म्हणजे काय? तर गाडीला नव्या चावीची ओळख करून देणं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला मशीन जोडायचं, बऱ्याच गाड्यांत सिक्युरिटी कोड टाकायचा आणि नव्या चिपचं नाव गाडीच्या यादीत घालायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखंच समजा. कुणाला अ‍ॅड करायचं तर अ‍ॅडमिन लागतो. खरा प्रश्न इथेच आहे. तुमच्या गाडीचा अ‍ॅडमिन कोण?

बऱ्याचदा उत्तर येतं, कंपनी. म्हणजे सर्व्हिस सेंटर गाठा, कागदपत्रं द्या, चावी मागवा, थांबा आणि ते सांगतील ते बिल भरा. दुसरा रस्ता म्हणजे बाजारात कुठलं तरी मशीन घेऊन बसलेला माणूस. तो प्रामाणिकही असेल, पण तुम्हाला ते कळायला काही मार्ग नाही. या दोघांच्या मध्ये नाक्यावरचा आपला चावीवाला मात्र धंद्यातून बाहेर पडतोय.

कंपन्या म्हणतात, हे सगळं चोरी रोखायला आहे. यात तथ्य आहे, मान्य करू. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या अनेक मॉडेल्सना इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास ‘यूएसबी केबलने गाडी कशी पळवायची’ याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले आणि चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा असल्याने तिथल्या गाड्या या युक्तीला बधल्या नाहीत. तेव्हा चिप हवीच.

पण चोराला अडवणं वेगळं आणि कारागिराला अडवणं वेगळं. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मोकळेपणाने मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्यांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं, ती गोष्ट वेगळी. पण सुरक्षेच्या नावाखाली मक्तेदारी चालू शकते, हे तेव्हाच समोर आलं होतं.

यावर तोडगा नाही असंही नाही. अमेरिकेत नास्टफ नावाची संस्था स्वतंत्र चावीवाल्यांची पार्श्वभूमी तपासून नोंदणी करते. नोंदणी असलेल्यांना कंपन्यांकडचे चावीचे कोड मिळू शकतात. बदल्यात गाडी खरंच समोरच्या माणसाची आहे का, हे तपासून त्याची नोंद ठेवावी लागते. चोराला हे जमणार नाही, कारागिराला जमेल.

हे आपल्याकडे का होऊ नये? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती मिळते, हक्कासाठी कायदा लागतो. चावीवाल्यांची नोंदणी करा, त्यांना आयटीआयमध्ये प्रशिक्षण द्या आणि कोड मिळवायचा अधिकृत रस्ता खुला करा. एवढीच मागणी आहे.

‘आमच्याकडे कुठे कार आहे’ म्हणून पान उलटू नका. २०२३ पासून अ‍ॅक्टिव्हासुद्धा स्मार्ट कीसह मिळते. उद्या पहिल्या पगारातून सेकंडहँड गाडी घ्याल तेव्हा दोन्ही चाव्या मागा. एकच मिळाली तर जुन्या चाव्या यादीतून पुसून घ्या, नाहीतर आधीच्या मालकाकडची चावी तुमच्या गाडीला चालतच राहील. घरी एकच चावी उरली असेल तर दुसरी आत्ताच करून घ्या. एक चालू चावी हातात असताना हे काम सोपं आणि स्वस्त पडतं.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘सुरक्षेसाठी’ असं म्हणालं की एक प्रश्न नक्की विचारा. कुणाच्या?