एका बाकावरची समता

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द ठरविला. दार पुन्हा उघडले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दारातून आत आलेले मूल त्या वर्गाचे झाले काय, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाला सोडविता येणार नाही.

कारखानदाराचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी एका छपराखाली आणून बसविली, एवढ्याने त्यांच्यात आपुलकी उपजत नाही. मोफत प्रवेशाची मुले मागच्या बाकांवर, त्यांचा डबा निराळ्या कोपऱ्यात, वर्गणी परवडत नाही म्हणून सहलीच्या दिवशी ती घरी, असे जेथे चालते तेथे जुन्या गावकुसाची भिंत वर्गाच्या आत उभी राहते.

ही भिंत पडते कशी, याचा पुरावा उपलब्ध आहे. दिल्लीतील खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश देणे भाग पडले. त्या वर्गांचा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब सोबती लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार व समताप्रिय झाली. गरीब मुलांशी भेदभाव करण्याची त्यांची वृत्ती कमी झाली. काही शाळांत नावांच्या अक्षरक्रमाने अभ्यासगट पडत. त्यावरून दिसले, की हा पालट मुख्यतः प्रत्यक्ष सहवासातून घडतो. श्रीमंत मुलांचे शिक्षण त्यामुळे बुडेल, ही भीतीही फारशी खरी ठरली नाही. अभ्यासावरचा एकूण परिणाम माफकच होता.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला जेवत. समतेवरील व्याख्यानांपेक्षा त्या सामाईक श्रमांनी मुलांना अधिक शिकविले. समान भूमी आयती सापडत नाही. ती दोघांनी मिळून नांगरावी लागते.

आजच्या शिक्षकालाही हे करता येईल. बाकांची आणि गटांची अदलाबदल ठरावीक काळाने व्हावी. गटाला काम असे द्यावे, की प्रत्येकाच्या वाट्याचे ज्ञान आल्यावाचून ते पुरे होऊ नये. बाजारातील भाजीच्या भावावर गणित घातले, तर हातगाडीवाल्याची मुलगी आपोआप गटाची जाणकार ठरते. ज्या सहलीला सर्वांना जाता येत नाही, ती सहल शाळेने काढू नये.

यासाठी तिजोरीतून मोठी रक्कम लागत नाही. मात्र साठ मुलांचा वर्ग आणि तुटपुंज्या मानधनावरचा कंत्राटी शिक्षक एवढ्या बळावर ही अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. म्हणून राखीव जागांसाठी लढणाऱ्यांनी शिक्षकाच्या स्थैर्यासाठीही लढले पाहिजे. कायद्याने मुलाला जागा दिली. त्या जागेशेजारी सोबती बसविणे हे काम अद्याप उरलेले आहे.