साठ दिवस मोजा

दाव्याच्या नामंजुरीचा कागद घरी येतो आणि आपले लोक तो आड्याला खोचून रोवण्याला लागतात. रोवणा आटोपला, की मुदतही आटोपलेली असते. म्हणून आम्ही पुन्हा लिहितो: नामंजुरी म्हणजे शेवट नव्हे.

वनहक्क कायद्यात अपील आहे. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ६० दिवस. आणखी ३० दिवस समिती देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर. त्या भरवशावर राहू नका. नामंजुरीचं कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे.

पुरावा नाही म्हणता? घरटॅक्सची पावती पुरावा आहे. राशन कार्ड आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची बांधी, धुरा, बोडी हाही पुरावा. गावच्या म्हाताऱ्याचं लिहून घेतलेलं बयाणबी पुरावाच. दोन तरी जोडा. अमुकच कागद पाहिजे, असा हट्ट समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा फोटो जोडीला चालतो, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेदारांना हटवायला सांगितलं होतं. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. पण स्थगिती म्हणजे पट्टा नव्हे. पट्टा अपिलातूनच यायचा आहे.

तुमसर असो की साकोली, एकटे जाऊ नका, गावचे चार जण मिळून जा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच हातात आल्याशिवाय ऑफिसची पायरी उतरू नका.