कपाच्या तळाशी कुणाचं नाव?

मंडळी, संक्रांतीची सुगडं, घटस्थापनेचा घट, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यातला माठ. वर्षभरात कुंभाराच्या हातची किती भांडी आपल्या घरात येतात! पण ती घडवणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत असतं का? बहुधा नाही. उलट 'हँडमेड' कप शेकडो रुपयांना घेतो, तेव्हा त्याच्या तळाशी कलाकाराची सही असते. चाक तेच, हातही तसेच. मग फरक कुठे पडतो?

स्टुडिओ पॉटर म्हणजे कोण?

माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं स्वतः करणारा, स्वतःच्या नावाने काम विकणारा कुंभार म्हणजे स्टुडिओ पॉटर. इंग्लंडच्या बर्नार्ड लीच यांनी जपानी मित्र शोजी हमादा यांच्यासोबत 1920 मध्ये सेंट आइव्ह्स गावात भट्टी उभारली. तिथे जगभरातून लोक शिकायला आले. डेन्मार्कच्या नामवंत कुंभार गुटे एरिक्सन 1948 मध्ये तिथे काम करून गेल्या. आपले सरदार गुरचरण सिंग 1919 मध्ये जपानला गेले, तिथे त्यांची लीच आणि हमादा यांच्याशी ओळख झाली. पुढे 1952 मध्ये त्यांनी 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली.

लीच चित्रकलेतून आले होते, तर सिंग भूगर्भशास्त्र शिकलेले. म्हणजे दोघांनी चाक आवडीने निवडलं. पण ज्यांच्या घरात चाक पिढ्यान् पिढ्या फिरतंय, त्यांचं काय?

भाईंदरचे पंडितजी

याचं उत्तर मुंबईजवळच्या भाईंदरमध्ये मिळतं. ब्रह्मदेव राम पंडित हे मूळचे बिहारच्या नवादा जिल्ह्यातले, पिढीजात कुंभाराच्या घरातले. महाराष्ट्रात येऊन त्यांनी स्टोनवेअरचं काम उभं केलं. पत्नी देवकी आणि मुलंही याच कामात आली. 2013 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. घरातलं चाक त्यांनी सोडलं नाही. त्याला नव्या भट्टीची आणि नव्या झिलईची जोड दिली.

खरी गंमत भट्टीत

आपला माठ साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसला भाजतात. त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे ती छिद्रं हाच माठाचा गुण!

स्टोनवेअरची माती वेगळी. ती 1200 ते 1300 अंशांपर्यंत तापवतात, त्यामुळे भांडं दगडासारखं घट्ट होतं. वरची झिलई म्हणजे गारगोटी, फेल्डस्पार, राख अशांची पूड पाण्यात कालवून दिलेला थर. भट्टीत तो वितळतो आणि काच होऊन भांड्याला चिकटतो. त्यात थोडं लोह असेल आणि भट्टीत भरपूर हवा असेल, तर रंग मधासारखा तपकिरी येतो. हवा कमी केली, तर तेच लोह हिरवट छटा देतं. त्यात वाळताना आणि भाजताना भांडं आकसतं, कधी तडकतं. कित्येक दिवसांची मेहनत भट्टी उघडेपर्यंत कळत नाही. महाग कपाच्या किमतीत न विकलेली भांडीही मोजलेली असतात.

पण तडे माठालाही जातात, पणत्याही भट्टीत फुटतात. तो हिशोब मात्र कुणी करत नाही. पणती घेताना आपण 'डझनाचे किती कमी करणार?' असंच विचारतो. मग कुंभाराच्या मुलाने चाक सोडून दुसरी नोकरी धरली, तर दोष कुणाचा?

आपण काय करू शकतो?

आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत लॅपटॉप मिटून वीकेंडला चाकावर बसायला उत्सुक असलेली तरुण मंडळी खूप आहेत. चांगलंच आहे, एकदा माती हातात घेतली की मेहनत कळते. पण याच बेंगळुरूमध्ये 'पॉटरी टाउन' नावाची कुंभारांची जुनी वस्तीही आहे. तिथे पणत्या, कुंड्या, गणपतीच्या मूर्ती घडतात. मुलांना घेऊन एकदा तिथे जा. चाक फिरताना बघू द्या.

तुम्ही पुण्यात असा, बेळगावात असा की आमच्यासारखे परराज्यात, यंदा पणत्या घेताना घासाघीस जरा कमी करा आणि एक प्रश्न जास्त विचारा, "दादा, तुमचं नाव काय?"