वायदा आधी चढला, म्हणून वायदाच गुन्हेगार?

सोयाबीन, हरभरा, मोहरी यांसह सात शेतमालांचे वायदे सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी थांबवले आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. बंदीचे समर्थक आकडेशास्त्राचा दाखला देतात : वायद्याचा भाव आधी हलतो, हजर बाजार त्याच्या मागे जातो, ग्रेंजर चाचणीतही तेच दिसते, म्हणून महागाईचे मूळ वायद्यात आहे. यातला पहिला भाग बरेचदा खरा असतो. ‘म्हणून’नंतरचे मात्र त्या चाचणीतून निघतच नाही.

क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ साली मांडलेली ही चाचणी विचारते तरी काय? लातूरचा उद्याचा सोयाबीनचा भाव आधी लातूरच्याच मागच्या भावांवरून वर्तवायचा. मग त्यात वायद्याचे मागचे भाव मिळवायचे आणि अंदाजातली चूक लक्षणीय घटते का, ते पाहायचे. घटली, तर वायद्यात उपयोगी माहिती आधी उतरते, एवढेच कळले. पाऊस लांबला, शिकागोत सोयाबीन चढले, पामतेलावरचे आयातशुल्क बदलले, की वायदा काही मिनिटांत हलतो; आडतीवर तीच बातमी पुढच्या सौद्यात दिसते. बातमी आधी ऐकणाऱ्याने ती घडवली, असे कोणी म्हणेल का?

शिवाय चाचणी नीट लावली आहे का, हेही तपासले पाहिजे. आडतीवरचा सौदा दिवसा निघतो, वायद्याचा बंद भाव संध्याकाळचा. दोन्हींपुढे तारीख एकच असली, तरी संध्याकाळच्या आकड्यात सौद्यानंतरच्या काही तासांची माहिती असते. हा फरक न काढता दुसऱ्या दिवसाचा सौदा वर्तवला, तर वायदा ‘पुढे’ दिसणारच. दुसरी चूक याहून जुनी आहे. दोन मालिका आपापल्या वाटेने भरकटत असल्या, तरी त्यांच्यात घट्ट नाते भासते, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले होते. म्हणून आधी भावांऐवजी भावांतले बदल तपासावेत, किंवा दोन्ही बाजार दीर्घकाळात एकमेकांना बांधलेले आहेत का, ते पाहावे.

सट्ट्याने भाव फुगूच शकत नाही, असा माझा दावा नाही. पण तो फुगवला असेल, तर कोणाच्या तरी गोदामात साठा वाढलेला दिसायला हवा. पुरावा तिथे शोधा. डाळी-गव्हाच्या याआधीच्या वायदाबंदीनंतर नेमलेल्या अभिजित सेन समितीलाही २००८ मध्ये वायद्याला दोषी ठरवणारा ठाम निष्कर्ष काढता आला नव्हता. आणि २०२२ मध्ये वायदे बंद असतानाच युक्रेन युद्धाने आणि इंडोनेशियाच्या पामतेल निर्यातबंदीने खाद्यतेल भडकले.

या चाचणीचे खरे मोल शेतकऱ्यासाठी आहे. वायदा हजर भावाचा अंदाज खरोखर सुधारत असेल, आणि ही सुधारणा चाचणीत न घेतलेल्या पुढच्या महिन्यांतही टिकत असेल, तर माल आज विकायचा की थांबायचे, हे ठरवायला त्याला तो आकडा मिळालाच पाहिजे. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना सोयाबीन त्याखाली विकले गेले. जूनमध्ये पेरणी करताना, काढणीच्या वेळी बाजार काय भाव धरतो आहे, हे सांगणारा देशी वायदा त्या शेतकऱ्यापुढे नव्हता. तो आता सुरू करा.