जनुकांची कात्री आणि आपले मत

सिकलसेलवर भारतात विकसित झालेल्या 'बिरसा १०१' या जनुक-संपादन उपचाराचे तंत्रज्ञान नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला दिले. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी मुलांच्या वेदनांवर यातून इलाज निघणार असेल, तर मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण नियंत्रण कोणाचे, हेही विचारले पाहिजे.

रुग्णाच्या रक्तपेशींत केलेली दुरुस्ती त्याच्यापुरती राहते. गर्भाच्या जनुकांत केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि त्यांची संमती कोणी घेऊ शकत नाही. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी तसा प्रयोग केला. जुळ्या मुली जन्मल्या आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा प्रयोगाला मनाई केली आहे. मात्र मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे लोकप्रतिनिधींनी चर्चा करून केलेला कायदा नव्हे.

महाराष्ट्राने हे एकदा अनुभवले आहे. गर्भजल तपासणी आली ती गर्भातील दोष ओळखण्यासाठी. वापरली गेली मुली नाकारण्यासाठी. कार्यकर्त्यांनी लोकमत जागे केले, म्हणून १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा इथे झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर किती मुली गेल्या!

आपल्या घरांत असा विषय निघाला की 'जाइज की नाजाइज' इथेच चर्चा संपते. श्रद्धा ज्याची त्याने जपावी. पण कायदा सर्वांना लागू होतो, तेव्हा तो घडवताना आपणही बोलले पाहिजे. उपचार परवडेल का? अमेरिकेत अशाच 'कॅसजेव्ही' या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत असेल का? नियम ठरवणाऱ्या समितीत रुग्ण आणि स्त्रिया असतील का?

आणि एक काम तर आजच करता येईल. आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. चुलत-मावस भावंडांच्या लग्नात दोघेही वाहक निघण्याचा धोका वाढतो. म्हणून मित्रमैत्रिणींनो, निकाहाआधी मेहेरची बोलणी होतात, तशी दोघांच्या रक्ततपासणीचीही होऊ द्या. त्यासाठी ना कायद्याची वाट पाहायला हवी, ना कोणाच्या परवानगीची.